घराभोवतीची पार

बाबांशी माझं भांडण झालं नाही असा एकही पावसाळा मला आठवत नाही. उन्हाळ्यात आमचं बरं असतं. आंबे, लग्नं, गावातल्यांची उणीदुणी, यात आम्हा दोघांचं छान जमतं. पण मिरग लागला की त्यांच्या अंगात पाणी संचारतं, आणि रक्त त्यांचंच असल्यामुळे माझ्याही. माय दोघांकडे आळीपाळीने बघते आणि म्हणते, "तुमाले भांडाले कारन तरी कायले लागते?"

आम्ही कोहळी. या भागातले कितीतरी गावतलाव आमच्या जुन्या लोकांनी बांधले, आणि ही गोष्ट बाबा अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, परवापर्यंत हे स्वतःच डोक्यावर पाट्या वाहत होते. कोहमाऱ्याच्या धाब्यावर चहा पिताना नागझिऱ्याला निघालेलं एखादं शहरी कुटुंब शेजारच्या टेबलावर सापडलं की झालंच. ती बिचारी माणसं वाघ बघायला आलेली असतात आणि बाबा त्यांना तलावाची पार कशी घालतात ते समजावतात. तलावाचा जो मातीचा बांध, त्याला आमच्याकडे पार म्हणतात. चिकणमाती कुठली घ्यायची, थर किती जाड टाकायचा, जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा कोणत्या अंगाला काढायचा, सगळं साग्रसंगीत. एका बाईने एकदा विचारलं होतं, "काका, मग वाघ कुठे दिसतो?" बाबा म्हणाले, "पान्यावर येते ना तो. पानी कोनी अडवलं?"

तर अशा माणसाच्या घरात पाणी शिरलं. त्याची ही गोष्ट.

आमचं सध्याचं घर मी कॉलेजात असताना बांधलं. त्याआधी मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर होतं. नवीन घर विटांचं, वर स्लॅब, पुढे ऐसपैस सपरी, म्हणजे पडवी. बांधलं तेव्हा जोतं रस्त्यापेक्षा दोन हात उंच होतं. मग गावात सिमेंटचा रस्ता आला. तो फुटला तेव्हा जुन्याच्याच डोक्यावर नवा घातला, आणि काही वर्षांनी त्याच्याही डोक्यावर आणखी एक. घर होतं तिथेच राहिलं आणि रस्ता मात्र वाढत्या वयाच्या पोरासारखा उंच होत गेला. आता गावभर हिंडून झालं की पावसाचं पाणी मुक्कामाला आमच्या अंगणात येतं. घराच्या मागे आमच्या धानाच्या बांद्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे आहेत, ते मात्र खोलगट. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

एका श्रावणात सपरीत घोटाभर पाणी आलं. दोन तासांत गेलंही, पण बाबांच्या मनातून गेलं नाही. पाण्याने आपल्याला विचारल्याशिवाय यावं, हा त्यांना अपमान वाटला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं, घराभोवती पार घालायची.

मी तेव्हा सुट्टीत घरी होते, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. तलावाच्या पोटातला काळा चिकण गाळ ट्रॉलीने आला. पहिली पाटी मायने टाकली, कारण आमच्यात पारीची पहिली पाटी घरच्या बाईची असते. मग वीतभर थर, त्यावर पाणी शिंपडायचं, धुमसाने ठोकायचं, पुन्हा थर. पंचाहत्तरीच्या माणसाने महिनाभर हे केलं. दोन माणसं मदतीला होती, पण त्यांचं ठोकणं बाबांना पसंत पडत नसे. ते गेले की हे पुन्हा ठोकत. शेवटी मांडीएवढी उंच, वर चालता येईल अशी रुंद पार घराच्या चारी बाजूंनी तयार झाली. घरात यायचं तर रस्त्यावरून दोन पायऱ्या चढायच्या आणि मग अंगणात तीन उतरायच्या. मला तर ते बघून हसूच आवरेना.

माय पारीच्या कडेने एक फेरी मारून आली. म्हणाली, "आन सांडवा?"

"सांडवा तलावाले लागते," बाबा म्हणाले. "घरात का मले पानी साठवाचं हाय?"

माय गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा तिला पटलेलं नसतं, हे कळायला मला तीस वर्षं लागली. बाबांना अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये झड लागली. मी नागपुरात होते. तिथे एका शाळेत शिकवते आणि एकटीच राहते. पहिल्या दिवशी बाबांचा फोन आला, आवाजात नुसता विजय. "रस्त्यावर गुडघाभर पानी हाय. आपल्यात एक थेंब नाई आला भायेरचा." दुसऱ्या दिवशी आवाज जरा खाली आला होता. तिसऱ्या दिवशी फोनच नाही. संध्याकाळी मायचा आला. ती म्हणाली, "मी पलंगावर बसून हाव. गॅस टेबलावर ठेवला. तुहे बाबा बकेटीनं तलाव उपसून राहिले."

बाहेरचं पाणी खरंच आलं नव्हतं. पण आभाळातून पडणाऱ्या पाण्याला पार कशी अडवणार? अंगणात पडलेलं अंगणात राहिलं, स्लॅबवर पडलेलंही नळ्यांतून अंगणातच आलं. मोरीची नळी होती पारीखालून मागे गेलेली, तर तिच्यातून बेडूक येतात म्हणून बाबांनी ती चिंध्या आणि माती कोंबून बंद केलेली. चौथ्या दिवशी पाऊस थांबला, रस्त्यावरचं पाणी ओसरलं, शेजारपाजारच्यांची अंगणं मोकळी झाली. आमचं पाणी मात्र हलायला तयार नव्हतं. पार इतकी पक्की झाली होती की एक थेंब झिरपत नव्हता. घरात बोटभर आणि अंगणात मांडीभर, असं ते सहा दिवस राहिलं. गावातले लोक पारीवर येऊन उभे राहत आणि विचारत, "का भाऊ, मासोळ्या कवा सोडता?" एकाने तर शिंगाडे लावायचा सल्ला दिला.

एक कुदळ मारली असती तर काम झालं असतं. पण पारीवर कुदळ मारणं हे आमच्या घरात अन्नावर पाय देण्यासारखं. लहानपणी मी गावतलावाच्या पारीवर बसून काडीने माती उकरत होते, तेव्हा बाबांनी मला चापट मारली होती. आयुष्यात त्यांनी मला मारलेली ती एकमेव चापट. तेव्हा स्वतःच्या हाताने घातलेली पार स्वतःच्या हाताने फोडणं त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. वीज नव्हती, म्हणून पंप नाही. ते बादल्यांनी उपसत राहिले आणि विटांच्या भिंती खालून निवांतपणे पाणी पीत राहिल्या.

दिवाळीला मी गेले तर घराला वास येत होता. ओल्या पोत्यासारखा. मायच्या खोलीत लोखंडी अलमारी भिंतीला टेकलेली होती, ती सरकवली तर मागे पूर्ण भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. बोट लावलं की मऊ लागत होतं. अलमारीतल्या कपड्यांच्या घड्यांवर बुरशीचे पांढरट डाग, आणि मायला खोकला. "थंडीचा हाय," ती म्हणाली. बाबांनी तेच उचलून धरलं.

आता खरं तर भिंतीला वारा द्यायला हवा होता. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवणाऱ्याला एकच उपाय माहीत, अडवायचं. बाबांनी कोणतीतरी भुकटी लावून वर आकाशी ऑइल पेंटचे दोन हात मारले. भिंत चकाकायला लागली. मला फोटो पाठवला, खाली एक शब्द, "संपलं."

संपलं कुठलं. पुढच्या पावसाळ्यात आतल्या ओलीने रंग फुगून तळलेल्या पापडासारखे फोड आले, आणि फोडांच्या आत पुन्हा तीच काळी बुरशी. जुलैच्या शेवटी माय एका पहाटे उठून बसली ती तिला पुन्हा आडवं होता येईना. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. साकोलीला दवाखान्यात नेलं. मी नागपूरहून तिथे पोचले तेव्हा तिला वाफ देत होते. डॉक्टरांनी तिला श्वासाचा पंप लिहून दिला, आणि घराबद्दल विचारून झाल्यावर सरळ सांगितलं, "या खोलीत यांना परत झोपवू नका. पुढच्या वेळी वेळेवर पोचालच असं नाही."

बाबा भिंतीपाशी टोपी हातात घेऊन उभे होते. मी त्यांना म्हणाले, "तुमच्या पारीनं तिचा श्वास कोंडला." सगळ्यांसमोर म्हणाले. मला माझ्या जिभेची सवय आहे, बाबांनाही आहे, ते नेहमी उलट दोन ऐकवतात. त्या दिवशी त्यांनी नुसती टोपी घातली आणि औषधं आणायला गेले. ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

मायला मी नागपूरला घेऊन आले. कोहमाऱ्याला बसपाशी बाबा खिडकीखाली उभे राहून मला म्हणाले, "दिवाळीले आन तिले. तुह्या हातानं भिंत पाहा. ओली निघाली तं तू म्हनशील तसं." म्हणजे मला न्यायाधीश केलं. मी म्हणाले, "ओली निघाली तर ती परत येणार नाही." ते म्हणाले, "नोको येऊ देऊ."

माझं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे ना ओल, ना चिखल, ना बुरशी. पंधरा दिवसांत मायचा खोकला अर्ध्यावर आला. सकाळी मी उठायच्या आत चहा तयार असायचा, शाळेतून आले की घरात दिवा लागलेला असायचा आणि कोणीतरी माझ्यावर रागावायला असायचं, "डबा काऊन तसाच आनला?" किती वर्षांनी असं झालं होतं. मला फार सुख लागत होतं, आणि त्या सुखाची लाजही वाटत होती, कारण तिकडे बाबा एकटे भात शिजवून खात होते.

आणि माय? ती गॅलरीत उभी राहून पूर्वेकडचे ढग बघायची. "हे आपल्याकडं चालले," म्हणायची. माझ्या भिंतींवर हात फिरवून म्हणायची, "किती कोरड्या हायत," पण आपुलकीने नाही. परक्या घरच्या सुनेचं कौतुक करावं तसं.

बाबा रोज सकाळी भिंतीचा फोटो पाठवत. माय तो बोटांनी मोठा करून बघे आणि मग फोनवर हजेरी घेई. "अवो, हा कोपरा नोको. अलमारीमागचा दाखवा. पंखा लावला का? खिडकी उघडून लावा, बंद करून का होते?" बाबा तिकडून "हव, हव" म्हणत. रात्रंदिवस पंखा चालवूनही भिंत तशीच होती. शेवटी त्यांनी घर बांधणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. तो काय म्हणाला ते बाबांनी स्वतःच आम्हाला शब्दाला शब्द सांगितलं, एवढंही त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"तो म्हनते, भाऊ, भिंत वरून पुसून का होते, बूड तं पान्यात हाय. अंगनातलं पानी गेल्याबिगर काही वाळत नाई. म्हनते, तुमी घर नाई बांधलं, बोडी बांधली." बोडी म्हणजे लहान तलाव. फोन स्पीकरवर होता, माय कणीक मळत होती. मग बाबा म्हणाले, "का करू?"

बाबांनी मायला "का करू" असं विचारलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मायही बहुतेक. तिचे हात परातीत थांबले.

"फोडा," ती म्हणाली.

"पार हाय ते."

"मले मालूम हाय पार हाय ते. पयली पाटी माही होती ना? मंग मी सांगून राहिलो, फोडा. मांगच्या अंगानं, बांदीकडं. समोरची राहू द्या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी आम्हाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल कुठेतरी टेकवून ठेवला, त्यात आम्हाला फक्त आभाळ आणि त्यांची अर्धी टोपी दिसत होती. माय ओरडत होती, "खाली करा, खाली करा," पण ते लांब गेले होते. नारळ फुटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, यांचा हात उठत नाहीये. मग कुदळीचे तीन-चार घाव ऐकू आले, आणि मग पाणी निघाल्याचा आवाज. आदल्या आठवड्यातल्या पावसाचं साचलेलं पाणी होतं ते, फार नव्हतं, पण खळखळत गेलं. माय डोळे मिटून ऐकत होती. बाबा मोबाईलपाशी परत आले तेव्हा त्यांचं तोंड घामाने ओलं होतं, की कशाने, ते त्या फोनवर नीट दिसत नव्हतं. मीही विचारलं नाही.

तिथून पुढे त्यांनी जे केलं ते मी त्यांच्यावर कितीही चिडले तरी विसरणार नाही. फोडलेल्या जागी दगड बसवून नीट सांडवा केला, पाणी थेट मागच्या बांदीत. स्लॅबच्या नळ्या लांबवून पारीबाहेर सोडल्या. भिंतींना लागून साचलेली माती खरवडून अंगणाला मागे उतार दिला. मग दुपट्टा तोंडाला बांधून आकाशी रंग तारेच्या ब्रशने खरवडून काढला, अगदी प्लास्टरपर्यंत. दुपट्ट्याने काही होत नाही, चांगला मास्क लावा, म्हणून मी फोनवर बोंबलले, तर म्हणाले, "तू तिकडून बोंबल, मी इकडं घासतो." वर समोरासमोर दोन झरोके पाडले. भिंतींना नुसता चुना दिला, कारण गवंडी म्हणाला होता, चुन्यातून भिंत श्वास घेते. अलमारी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. गाद्या, रजया, मायच्या लग्नातली पेटी, सगळं ऊन पडेल त्या दिवशी बाहेर. गावातले विचारत, "का भाऊ, घर इकून राहिले का?"

दिवाळीला मी मायला घेऊन गेले. पिशवी सपरीत ठेवली आणि चहाही न घेता तिच्या खोलीत शिरले. खोटं कशाला बोलू, मनातून मला भिंत ओलीच हवी होती. मी एकेका कोपऱ्यात नाक खुपसलं. चुन्याचा वास होता, आणखी कसलाही नव्हता. भिंती पांढऱ्या, हाताला खरखरीत. खोलीत वारा होता. मी अलमारीमागे गेले, वाकले, मोबाईलचा दिवा लावला. जमिनीपाशी, अगदी बुडाला, तळहाताएवढा करडा डाग होता. हात लावला तर गार लागला.

मागे वळले तर बाबा दारात. तीन महिन्यांत ते केवढे वाळले होते ते मला तेव्हा दिसलं. भिंतीच्या आधी माणूसच वाळला होता.

"हाय अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. आणि भांडायच्या तयारीत उभी राहिले. एवढीशी ओल म्हणजे काही ओल होय का, तुले का समजते, असं ते म्हणणार, मग मी म्हणणार, डॉक्टरांपेक्षा तुम्ही शहाणे का. सगळं माझ्या तोंडात तयार होतं.

बाबा वळून सपरीत गेले, मायची पिशवी उचलली आणि माझ्या पिशवीशेजारी दाराजवळ ठेवली. "घेऊन जा तिले," म्हणाले. "भिंतीचं का, वाळंल तवा वाळंल. श्वास पायजे. मी येत जाईन दर सोमवारी." मग उगाच पिशवीची चेन लावली. ती लागलेलीच होती.

मी जिंकले होते आणि मला रडायला येत होतं.

एवढ्यात माय स्वयंपाकघरातून आली. आल्या आल्या तिने डबे उघडून काय काय किडलं ते बघायला घेतलं होतं. तिने आधी पिशव्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हे काऊन इथं ठेवली?"

"खोलीत थोडी ओल आहे," मी म्हणाले. "बाबा म्हणतात तू माझ्याकडे..."

"मी का बांदीतलं पानी होय?" माय म्हणाली. "यानं इकडं वळवलं का इकडं, तिनं तिकडं वळवलं का तिकडं? मले कोनी इचारलं?"

तिने बाबांना हुकूम सोडला, पलंग सपरीत आणा. बाबांनी एक बाजू धरली, मी दुसरी. पलंग भिंतीपासून दोन हात लांब लावून घेतला. वाऱ्याच्या अंगाला बांबूचा तट्टा बांधायला सांगितला. मग त्यावर बसून म्हणाली, "खोली वाळेपर्यंत मी इथं. झडीचे दिवस तुह्याकडं, बाकीचे माह्या घरी. डाक्टरनं खोलीत झोपू नोको म्हनलं, गाव सोड नाई म्हनलं." मग बाबांकडे बघून, "आन तुमी चा मांडा. तीन महिन्यांत आला असंल आता."

बाबांनी मांडला. चहात साखर दुप्पट होती. माय पूर्ण प्यायली.

तो डाग होळीच्या सुमाराला गेला. माय खोलीत परतली, पंपही रोजचा लागेनासा झाला. आणि या वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर, ठरल्याप्रमाणे, ती माझ्याकडे आली. बाबांना म्हटलं, तुम्हीही चला. ते म्हणाले, "झडीत घर सोडून? मंग घर कोन पाहील?" यावर मी भांडले नाही. पावसाळ्यात घर सोडलेला माणूस आमच्या घराण्यात झालेलाच नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा झड लागली. पहिले दोन दिवस बाबांचे फोन आले. तिसऱ्या दिवशी सकाळपासून फोन बंद. टीव्हीवर आमच्या जिल्ह्यातले रस्ते, त्यावरून वाहणारं पाणी. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आले. शेजाऱ्यांना लावला, लागेना. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते येऊ लागलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, ओली पार, हातात कुदळ. माय डाळ निवडत बसली होती. तेच ताट ती तिसऱ्यांदा निवडत होती आणि मी ते तिला सांगत नव्हते.

दुपारी तीनच्या सुमाराला बेल वाजली. दारात बाबा. पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, डोक्यावर खताची रिकामी प्लास्टिकची गोणी खोळ करून घेतलेली, हातात चिन्नोर तांदळाची थैली. खिशातला मोबाईल पाण्याने मेलेला.

मला एवढा राग आला. "बाबा, घर?" एवढंच तोंडातून निघालं.

"हाय ना घर," ते म्हणाले. "अंगनात पानी येते, सांडव्यानं जाते. येते, जाते. दोन दिवस खुर्ची टाकून पाहत बसलो. मंग मले वाटलं, हे तं आपलं आपन चाललं हाय. मी कायले बसलो हाव इथं?"

मग माझ्या खांद्यावरून आत बघून, अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "इचा श्वास कसा हाय?"

मायने ऐकलं होतं. ती जागची उठली नाही. "बरा हाय," म्हणाली. "पाय पुसून या. फरशी ओली करून राहिले."

बाबा पायपुसण्यावर उभे राहून एकेक पाय पुसू लागले. मी टॉवेल आणायला आत वळले, तेव्हा माय डाळीचं ताट बाजूला ठेवून उठली होती, आणि भिजवलेल्या तांदळात आणखी एक वाटी घालत होती.